गाठीतला जीव

गेल्या श्रावणात मी महिनाभर देवाशी बोलले नाही. पूजा सोडली नव्हती. आंघोळ झाली की पाटावर बसायचे, गळ्यातल्या चांदीच्या डबीतून इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायचे, पाणी घालायचे, विभूती लावायचे, बेलाचं पान ठेवायचे. लहानपणापासूनची सवय, हात आपोआप चालायचे. पण तोंडातून नाव निघायचं नाही. तळहातावरच्या त्या काळ्याभोर लिंगाकडे बघितलं की पूर्वी मन निवायचं, आता राग यायचा. घरातलं बारीकसारीक सगळं ज्याला सांगत आले, त्याच्यासमोर मी ओठ मिटून बसायचे आणि तशीच उठून कामाला लागायचे. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, आमच्या यांनासुद्धा नाही. आज लिहिते आहे, कारण त्या महिन्याच्या शेवटी जे घडलं ते मनात ठेवून चालणार नाही असं वाटतं.

रागाचं कारण यांचं आजारपण. आमचे हे रेल्वेत होते. होटगी जंक्शनवर चावीवाला म्हणून लागले आणि तिथेच निवृत्त झाले. खांद्यावर हातोडा टाकून रोज रुळाच्या कडेने मैलोगणती चालायचं आणि रूळ धरून ठेवणारी एखादी चावी ढिली झाली असेल तर ठोकून बसवायची, हे त्यांचं काम. उन्हातान्हात चालून अंग काटक झालेलं. दारू तर सोडाच, तंबाखूची चिमूटसुद्धा कधी तोंडात टाकली नाही. निवृत्तीनंतर आम्ही सोलापुरात घर केलं आणि दोन वर्षं सुखात गेली. मग त्यांना थकवा यायला लागला, वजन उतरलं, संध्याकाळी पाय सुजायला लागले. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं की फार पूर्वी कधीतरी रक्तातून शिरलेली कावीळ वर्षानुवर्षं आत दबा धरून बसली होती, तिने लिव्हर खराब केलं, आणि त्या लिव्हरमध्ये आता लिंबाएवढी गाठ आहे. गाठ कॅन्सरची आहे.

लिव्हर म्हटलं की लोकांच्या मनात एकच गोष्ट येते. मैंदर्गीहून यांची चुलत बहीण भेटायला आली होती. चहा ठेवताना ती ओट्यापाशी येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "वैनी, खरं सांगा, दादा घेत होते का?" मी नाही म्हणाले. तिने मान हलवली, पण ती मान विश्वासाची नव्हती. त्या क्षणी मला आजाराचं जेवढं दुःख झालं नव्हतं तेवढं झालं. ज्या माणसाने कधी कुणाचं वाकडं केलं नाही, सोमवार चुकवला नाही, लिंगपूजा केल्याशिवाय पाण्याचा घोट घेतला नाही, त्याच्या वाट्याला हे दुखणं, आणि वर हा डाग. मी अंगणवाडीत सेविका होते. पंचवीस वर्षं मी वस्तीतल्या बायकांना देवावर भरवसा ठेवा म्हणून सांगत आले. आता मलाच कुणी तसं म्हटलं की अंगावर झुरळ पडल्यासारखं व्हायचं.

उपचार सोलापुरातच झाले, सात रस्त्याजवळच्या एका दवाखान्यात. मांडीतल्या शिरेतून बारीक नळी घालून थेट गाठीला रक्त देणाऱ्या नसेत औषध सोडलं आणि ती नस बंद केली. गाठीचं अन्नपाणी तोडायचं, म्हणजे ती मरते, असं लिव्हरच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं. ते चांगले होते, घाई करायचे नाहीत. दीड महिन्याने पुन्हा तपासून गाठ मेली की नाही ते बघायचं ठरलं. पण त्या उपचारातल्या औषधांनी यांच्या किडनीवर ताण आला. तपासणीसाठी सीटी स्कॅन करायचा तर शिरेतून जे औषध द्यावं लागतं ते आता किडनीला सोसणार नाही, असं किडनीच्या डॉक्टरांनी बजावलं. एमआरआय करायला गेलो, तर तिथे विचारलं, अंगात कुठे लोखंड आहे का. हे म्हणाले, आहे. तरुणपणी होटगीला चावी ठोकताना लोखंडाची कपची उडून डाव्या डोळ्याच्या आत गेली होती. तेव्हा डॉक्टरांनी ती तशीच राहू दिली, कारण काढण्यात धोका जास्त होता. एमआरआयच्या यंत्रात मोठं लोहचुंबक असतं, ती कपची हलली तर डोळा जाईल. तिथूनही परत आलो.

शेवटी घराजवळच साधी सोनोग्राफी केली. रिपोर्टात लिहिलं होतं की गाठ जागेवर आहे आणि पहिल्यापेक्षा किंचित मोठी दिसते. तो कागद घेऊन आम्ही रिक्षाने लिव्हरच्या डॉक्टरांकडे गेलो. ते मात्र म्हणाले की या सोनोग्राफीत गाठ दिसते, पण ती जिवंत आहे की मेलेली हे कळत नाही. जिवंत असेल तर तोच उपचार पुन्हा करावा लागेल, आणि किडनी बघता त्यात मोठी जोखीम आहे. मेलेली असेल तर विनाकारण करून बसू. आत काय चाललंय ते कळल्याशिवाय मी पुढे पाऊल टाकणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. एक वेगळ्या प्रकारची सोनोग्राफी असते, ती पुण्याला होते, तिथे जाऊन या, असंही सुचवलं. आमच्या यांनी ऐकून घेतलं. घरी आल्यावर चप्पल काढता काढता म्हणाले, "बास झालं. आता कुटं जायाचं न्हाय. घरी बसून महादेवाचं नाव घेऊ."

ऐकणाऱ्याला हे भक्तीचं बोलणं वाटलं असतं. मी चाळीस वर्षं त्यांच्याबरोबर काढली आहेत. तो दमलेल्या माणसाचा आवाज होता. त्यांनी देवाच्या पायावर डोकं ठेवलं नव्हतं, फक्त हातातलं खाली टाकलं होतं. मला ते दिसत होतं, आणि तरी मी त्यांना काही बोलले नाही, कारण माझीही अवस्था तीच होती. त्या आठवड्यात मोबाइलवर दवाखान्याचे दोन फोन येऊन गेले. नंबर ओळखीचा होता. मी दोन्ही वेळा फोन वाजू दिला आणि उचलला नाही. आणखी एक वाईट बातमी ऐकायची ताकद नव्हती, हे कारण मी स्वतःला दिलं.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी आम्ही दवाखान्यात गेलो ते सगळे जुने कागद आणि फिल्म परत आणायला. यांना ते गावाकडच्या घरी नेऊन ठेवायचे होते. उपचार संपला असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. खिडकीतल्या माणसाने कागद शोधायला वेळ लागेल, बसा म्हणून सांगितलं. सगळी बाकं भरलेली होती. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर एका बाकावर तेवढी दोघांपुरती जागा होती. तिथे एक म्हातारी एकटीच बसली होती. पांढरे केस, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, अंगावर धुऊन धुऊन मऊ पडलेली सुती साडी. बोटांची टोकं काळपट आणि कडक झालेली. विडी वळणाऱ्या बाईचे हात सोलापुरात कुणालाही ओळखू येतात. ती सरकली आणि आम्ही बसलो.

मी रडत नव्हते, निदान मला तसं वाटत होतं. पण तिने पदराचं टोक माझ्यापुढे केलं. मी गडबडून माझाच पदर डोळ्यांना लावला. तिने विचारलं, कुणाचं आहे. मी यांच्याकडे बोट केलं आणि सांगितलं, लिव्हरमध्ये गाठ आहे, उपचार केला, पण गाठ तेवढीच आहे, उलट मोठीच झाली. अनोळखी माणसाला एवढं एका दमात सांगून टाकलं याचं मलाच नवल वाटलं. तिने सगळं ऐकून घेतलं. तिलाही तसलीच गाठ होती, लिव्हरमध्येच, आणि तिच्यावरही तोच उपचार झाला होता. तिचं बोलणं तेलुगू वळणाचं मराठी होतं, संथ आणि ठाम.

"केवढी हाय ते नका बघू वैनी," ती म्हणाली. "तिच्यात जीव हाय का ते बघा की. आज माझं तेच बघणार हैत."

मग तिने जे सांगितलं ते असं. त्या दवाखान्यात नुकत्याच नव्या डॉक्टरबाई आल्या होत्या. त्या शिरेतून बारीक बुडबुड्यांचं औषध सोडून सोनोग्राफी करतात, म्हणजे गाठीत रक्त जातं की नाही ते दिसतं. हे औषध बाहेरून मागवावं लागतं आणि एकदा बाटली तयार केली की काही तासांत वापरून संपवावी लागते. एक बाटली दोघांना पुरते. आजची बाटली तिच्यासाठी आली होती आणि दुसरा पेशंट मिळाला नव्हता. बाईंनी दोन-तीन जणांना फोन केले होते, पण कुणी उचलला नाही. मी मान खाली घातली. पुण्याला होते म्हटलेली ती वेगळी सोनोग्राफी आता इथेच होत होती आणि ते न उचललेले फोन त्यासाठीच होते, हे मला तेव्हा कळलं.

मी काही बोलायच्या आत ती उठली. गुडघ्यावर हात टेकून, कण्हत उठली, माझा हात धरला आणि सोनोग्राफीचं दार ढकलून आत शिरली. मी तिला अक्का म्हणू लागले ते त्या क्षणापासून. माझ्यापेक्षा ती दहा वर्षांनी तरी मोठी असेल. आत डॉक्टरबाई काही लिहीत होत्या. अक्का म्हणाल्या, "मॅडम, अर्धी बाटली कुणाला द्यायची म्हणत होता की. हे बघा, आले."

डॉक्टरबाईंनी नाव विचारलं, यादीत बघितलं आणि म्हणाल्या की याच पेशंटसाठी त्या फोन करत होत्या. लिव्हरच्या डॉक्टरांनीच नाव दिलं होतं. त्यांनी तिथल्या तिथे त्यांना फोन लावला, कागद मागवून घेतले, मला दोन-चार प्रश्न विचारले. हृदयाचा त्रास आहे का, पूर्वी कशाची ॲलर्जी आली होती का. सगळं ठीक आहे म्हणाल्या. आता उरला होता फक्त यांचा होकार.

हे बाकावर मान खाली घालून बसले होते. मी सांगितलं तसे म्हणाले, नको. आणखी एक सुई, आणखी एक रिपोर्ट, आणखी चार दिवस झोप नाही. मला त्यांचा राग आला नाही, कारण त्यातला प्रत्येक शब्द खरा होता. तेवढ्यात डॉक्टरबाई स्वतः बाहेर आल्या. वयाने आमच्या मुलीएवढ्या असतील. त्या यांच्यासमोर उभ्या राहिल्या नाहीत, शेजारी बाकावर बसल्या. त्यांनी सांगितलं की हे औषध किडनीतून जात नाही. ते म्हणजे रक्ताच्या कणापेक्षाही लहान असे वायूचे बुडबुडे असतात आणि ते थोड्या वेळात श्वासावाटे निघून जातात. लोहचुंबक नाही, किरण नाहीत. फक्त आवाजाच्या लहरी, ज्या कानाला ऐकू येत नाहीत. त्या आत पाठवायच्या आणि परत काय येतं ते बघायचं.

यांनी पहिल्यांदा मान वर केली. "रुळाचं मशीन असतं तसं?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरबाईंना ते माहीत नव्हतं. मग यांनीच त्यांना समजावलं. रुळावरून ढकलत न्यायची एक गाडी असते, तिच्यातून पाणी सोडत आवाज लोखंडात पाठवतात, आणि आत कुठे चीर असेल तर पडद्यावर कळतं. वरून रूळ चकचकीत दिसतो, पण आत तडा असतो. कधी उलटंही असतं, वरून खरवडल्यासारखा दिसतो आणि आत पोलाद एकसंध असतं. बोलता बोलता त्यांची पाठ ताठ झाली. "मी हातोडा मारून आयुष्य काढलं बाई," ते म्हणाले. "हातोड्याला वरचं कळतं. आतलं त्या मशीनलाच कळायचं." डॉक्टरबाई म्हणाल्या, अगदी तसंच आहे. हे उठून उभे राहिले. कितीतरी दिवसांनी मी त्यांना कुणाचा हात न धरता उठताना पाहिलं.

बाटली अक्कांची, नंबर अक्कांचा. त्यांना साखरेचा आजार होता आणि सकाळपासून पोटात काही नव्हतं, हे मला नंतर समजलं. तरी त्या म्हणाल्या, "ह्यांचं आधी करा. मी बसलेच हाय." त्यांनी हे इतकं सहज म्हटलं की मी नीट आभारसुद्धा मानले नाहीत.

आतली खोली अंधारी आणि गार होती. हे पलंगावर उताणे झोपले. त्यांचं इष्टलिंग नेमकं पोटावर येत होतं. सिस्टर म्हणाल्या, ते काढून ठेवा. यांनी डॉक्टरबाईंकडे बघितलं. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, हातात धरलं तरी चालेल, फक्त हात हलवू नका. डाव्या हाताच्या कोपराजवळ सुई लावलेली होती. मी डबी उघडून लिंग त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवलं आणि त्यांची बोटं त्याच्याभोवती मिटवली. सिस्टरनी पांढऱ्या भुकटीत पाणी घालून बाटली हलवली, ती दुधासारखी झाली. त्यातलं चमचाभरही नसेल एवढं औषध सुईतून सोडलं. पडद्यावर कोपऱ्यात सेकंद सुरू झाले.

डॉक्टरबाईंनी मला आधीच सांगून ठेवलं होतं. गाठीत रक्त जात असेल तर ती सगळ्यात आधी उजळेल. रक्त जात नसेल तर भोवतीचं लिव्हर उजळेल आणि गाठ काळीच राहील. मी पडद्याकडे बघत उभी होते. मला प्रार्थना करायची होती. महिनाभर न केलेली प्रार्थना ओठांशी आली होती, पण मागायचं काय हेच सुचेना. मी जन्मभर देवाकडे उजेड मागत आले. दिवा लावताना उजेड, पोरांच्या परीक्षेला उजेड, अडचणीत वाट दिसू दे म्हणून उजेड. आज मला अंधार हवा होता, आणि अंधार मागायचे शब्द मला कुणी शिकवलेच नव्हते. तेव्हा मनातल्या मनात फक्त एवढंच निघालं, तू बघ. माझ्याच्याने बघवत नाही, तू बघ. त्यात मागणं नव्हतं, अटही नव्हती. आणि खरं सांगते, त्यापुढच्या क्षणांत मला एकटं वाटलं नाही. कुणी दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही. पण ज्या खोलीत आम्ही चौघंच होतो तिथे आणखी कुणीतरी शांतपणे उभं आहे, आणि ते घाईत नाही, असं वाटलं. त्याला मी काय म्हणावं, वाचणाऱ्याने ठरवावं.

दहा-बारा सेकंदांनी एक नस लखलखली, मग तिच्या फांद्या, मग चाळणीतून ज्वारीचं पीठ भुरभुरावं तसं सगळं लिव्हर पांढुरकं होत गेलं. मध्ये लिंबाएवढी जागा काळी होती. मी तिच्याकडेच बघत होते. आता उजळेल, आता उजळेल.  डॉक्टरबाई यांना श्वास घ्या, धरा, सोडा एवढंच सांगत होत्या आणि गाठीची कड इंचाइंचाने तपासत होत्या. मिनिट झालं, दोन झाली, पाच झाली. ती जागा काळीच राहिली. मग त्यांनी हात थांबवला आणि म्हणाल्या, "आत रक्त जात नाहीये. कडेलाही नाही. गाठ मेलेली आहे."

मी विचारलं, मग ती मोठी कशी दिसली. त्या म्हणाल्या, मेलेली गाठ लगेच आटत नाही, उपचारानंतर काही दिवस ती सुजून जरा मोठीही दिसू शकते, म्हणून नुसत्या मापावर जायचं नसतं. त्यांनी हेही सांगितलं की ही तपासणी एवढ्या गाठीपुरती आहे. लिव्हर मुळात दुखावलेलं आहे, तेव्हा दर तीन महिन्यांनी बघत राहावं लागेल. मला ते सगळं नीट समजलं. आमच्या यांनी मूठ उघडली, तळहातावरचं लिंग कपाळाला लावलं आणि डोळे मिटून पडून राहिले. त्यांच्या कानाकडे ओघळ गेला तो मी पुसला.

मग अक्कांची पाळी आली. त्यांच्याबरोबर कुणी नव्हतं. मुलगा टॉवेलच्या कारखान्यात कामाला गेला होता. त्यांनी दारातून माझ्याकडे बघितलं, मी आत गेले आणि त्यांचा पाय धरून उभी राहिले. पुन्हा सेकंद सुरू झाले, पुन्हा ती नस, त्या फांद्या. अक्कांची गाठ काळी राहिली, पण एका कडेला नखाएवढा तुकडा आधी लखलखला आणि मग हळूहळू विझला. मला त्यातलं काही कळत नव्हतं, तरी तो काय आहे ते कळलं. डॉक्टरबाईंनी त्यांना खरं ते सांगितलं. बराचसा भाग मेला आहे, एवढासा जिवंत आहे, पण तो वेळेत सापडला आहे आणि बाहेरून सुई घालून जाळता येईल. अक्कांनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "दिसलं तरी की. न दिसता वाढलं असतं."

त्या दिवशी घरी येताना माझा आनंद सरळ नव्हता. ज्या बाईने आपली बाटली, आपला नंबर आम्हाला दिला, तिच्याच वाट्याला तो पांढरा तुकडा यावा, याला कृपा कसं म्हणायचं? आम्हाला मिळालं आणि तिला नाही, अशी कृपा मला घ्यायची नव्हती. संध्याकाळी मी पाटावर बसले. महिनाभराने तोंड उघडलं आणि देवाशी बोलले ते पहिलं वाक्य अक्कांबद्दल होतं. आमच्याबद्दल बोलायचं राहूनच गेलं. त्या बोलण्यातच माझा राग कुठे विरघळला ते मला कळलं नाही. स्वतःसाठी भांडत होते तोवर दार बंद होतं, दुसऱ्यासाठी हात जोडले आणि ते नुसतं लोटलेलं होतं असं दिसलं.

सुईचा उपचार झाला त्या दिवशी मी अक्कांच्या सुनेबरोबर दवाखान्यात बसले. नंतर पूर्व भागातल्या त्यांच्या घरी जाणं सुरू झालं. दोन खोल्या, बाहेर सुपात तेंदूची पानं कापून ठेवलेली, आत भिंतीवर त्यांच्या विणकर समाजाचं दैवत असलेल्या मार्कंडेयाची तसबीर. अक्का मला तेलुगूतलं काहीबाही शिकवायच्या, मी त्यांना आमच्या घरच्या कानडीतलं. हे सुरुवातीला माझ्याबरोबर यायचे नाहीत, मग यायला लागले. अक्कांच्या मुलाला रेल्वेच्या गोष्टी ऐकायला आवडायच्या. घरी गप्प झालेला माणूस त्या दारात बसून तासभर बोलायचा. औषधाने बरं होणं मी पाहिलं होतं, हे बरं होणं वेगळं होतं.

दिवाळीनंतर दोघांची पुढची तपासणी एकाच दिवशी ठरली. डॉक्टरबाईंनी मुद्दाम तशी ठरवली, एकाच बाटलीत दोघांचं व्हावं म्हणून. या वेळी अक्कांना आधी आत पाठवायचं यांनी ठरवलं आणि अक्कांनी वाद घातला तरी ऐकलं नाही. मी पुन्हा त्यांचा पाय धरून उभी राहिले. लिव्हर उजळलं. गाठ काळी राहिली, आणि त्या कडेलाही आता काळंच होतं. डॉक्टरबाईंनी तीन वेळा फिरवून बघितलं आणि मग हसल्या. अक्कांनी मला विचारलं, काय म्हणतायत. मी त्यांचा पाय दाबून म्हणाले, कडेलाही काळंच आहे. आमच्या यांचीही गाठ तशीच होती, काळी आणि पूर्वीपेक्षा लहान.

बाहेर आल्यावर अक्का म्हणाल्या, आधी देवळात जायचं. आम्ही तिघं रिक्षाने मार्कंडेयाच्या देवळात गेलो. सोलापुराच्या इतक्या जवळ जन्म काढूनही मी त्या गाभाऱ्यासमोर कधी उभी राहिले नव्हते. पुजाऱ्यांनी अभिषेक कुणाच्या नावाने करायचा विचारलं. अक्कांनी आमच्या यांचं नाव सांगितलं, त्याच वेळी यांनी अक्कांचं सांगितलं. पुजारी गोंधळले. एक नाव एका गोत्रातलं, दुसरं दुसऱ्या पंथातलं. त्यांनी विचारलं, तुमचं नातं काय.  अक्का म्हणाल्या, "भाऊ हाय माझा. लिहा." पुजाऱ्यांनी दोन्ही नावं घेतली आणि पाणी घालायला सुरुवात केली.

शरण जाणं म्हणजे हात सोडून बसणं असं मी समजत होते, म्हणून त्या शब्दाची मला भीती वाटायची. आता एवढं कळलं आहे की आपल्याला धरून कुणी उठवायला आलं तर उठावं, दार ढकललं तर आत जावं, आणि आत काय दिसेल ते त्याच्यावर सोडावं. तो अक्कांच्या रूपाने आला होता, की डॉक्टरबाईंच्या, की मी न उचललेल्या फोनच्या, याचा हिशोब मी करत नाही. त्याने तीनदा हाक मारली आणि तिसऱ्यांदा मी ओ दिली, एवढंच मला पुरेसं आहे. पुढची तपासणी फाल्गुनात आहे. तेव्हा काय दिसेल ते मला माहीत नाही आणि ते माहीत नसण्याची आता धास्ती वाटत नाही. काल दुपारी हे जेवायला बसले. दोन भाकऱ्या झाल्या, शेंगाची चटणी संपली, आणि त्यांनी आणखी अर्धी भाकरी मागितली. ती तव्यावरून काढून त्यांच्या ताटात घालताना माझे डोळे भरून आले. यांनी विचारलं, काय झालं. मी म्हणाले काही नाही, जेवा.